लवाटे सर आणि मुकी वाहनं

कसबा पेठेतल्या श्रीनिवास लवाटे यांचं जगातल्या एकाही वाहनाबद्दल मत चांगलं नव्हतं. अपवाद फक्त त्यांच्या स्वतःच्या जुन्या स्कूटरचा. बाकी जे काही चाकांवर फिरत होतं ते त्यांच्या लेखी एकतर चुकीचं बनवलेलं होतं, नाहीतर बरोबर बनवून चुकीच्या माणसाच्या हातात दिलेलं होतं.

सर पदार्थविज्ञानाचे निवृत्त शिक्षक. उभी हयात गती, बल आणि घर्षण शिकवण्यात गेली, आणि ज्यांना शिकवलं तीच पोरं आता ओल्या रस्त्यावर करकचून ब्रेक दाबून आडवी होताना बघून आपण इतकी वर्षं भिंतीशी बोलत होतो की काय, असं त्यांना वाटायचं. विज्ञान माणसाला नम्र करतं म्हणतात. कसब्यात तरी तसं उदाहरण अजून कुणाच्या पाहण्यात आलेलं नाही.

त्यांची शेरेबाजी सकाळी दुधाच्या पिशवीबरोबर सुरू व्हायची. गल्लीतला गतिरोधक बघून म्हणायचे, "याच्या उंचीचं आणि उताराचं एक गणित असतं. इथं उरलेलं डांबर टाकायला दुसरी जागा नव्हती." कोथिंबिरीची जुडी आणायला दोन टनांची गाडी काढणारा शेजारी दिसला की हटकून विचारायचे, "जुडी मागच्या सीटवर ठेवणार की तिला पण बेल्ट लावणार?" मेट्रो नदीच्या खालून जाते याचं कुणी कौतुक केलं, तर लंडनमध्ये दीडशे वर्षांपूर्वी जमिनीखालून गाडी धावली होती हे सांगून ते पुढे जोडायचे, "आपले लोक अजून सरकत्या जिन्यावर उजवा पाय आधी टाकावा की डावा, याचा विचार करत उभे आहेत." चालकाविना चालणाऱ्या मोटारीची बातमी त्यांनी एका वाक्यात निकालात काढली होती. पुण्यात चालक असलेल्या गाड्यासुद्धा तशाच चालतात, त्यात नवीन काय?

फोनमधल्या नकाशावर तर त्यांचा विशेष राग. "बाई सांगते डावीकडे वळा, की हे वळले. समोर भिंत. भिंत दिसत असते हो! पण स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास कुणाचा आहे आता?" सरांचा होता. डोळ्यांवर, कानांवर आणि स्वतःवर, तिन्हींवर पुरेपूर. हेल्मेट ते घालत नसत आणि त्यालाही त्यांनी शास्त्र शोधलं होतं. माणसाला दोन कान असतात. आवाज एका कानात किंचित आधी पोचतो, दुसऱ्यात किंचित नंतर, आणि त्या फरकावरून मेंदू सांगतो की गाडी कुठून येतेय. कान झाकले की हे सगळं गेलं. डोकं फुटलं तर काय, याचं शास्त्र मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही.

या स्कूटरच्या मागच्या सीटवर इतकी वर्षं कुसुमताई बसल्या. त्या नऊवारी नव्हे, पण कायम साडीच नेसणाऱ्या, त्यामुळे बसायच्या एका बाजूला पाय सोडून, म्हणजे तोंड डावीकडे. डावा हात मांडीवरच्या पिशवीवर, उजवा सरांच्या खांद्यावर. सरांना रस्ता समोरचा दिसायचा आणि कुसुमताईंना डावीकडचा. मंडईला जा, स्वारगेटला जा, नाहीतर मुलीकडे पार वाघोलीला जा, त्यांनी अर्धं पुणं डाव्या बाजूनेच पाहिलं होतं. डावीकडून कुणी घुसताना दिसलं की त्या सरांचा खांदा दाबायच्या. आणि सर दर वेळी, न चुकता, मान न वळवता म्हणायचे, "दिसतंय मला."

दिवाळीच्या आधी कुसुमताईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. चालायला त्या लागल्या, पण स्कूटरवर चढणं बंद झालं. त्या रिक्षाने जाऊ लागल्या आणि सर एकटे फिरू लागले.

आणि नेमकं तेव्हापासून पुण्यातली वाहनं मुकी झाली.

स्वारगेटच्या चौकात एक विजेवरची बस अशी काही अंगावर आली, की सरांना ती जमिनीतून उगवल्यासारखी वाटली. पुढच्या आठवड्यात फडक्यांच्या किराणा दुकानासमोर तेच, या वेळी विजेची रिक्षा. मग कुणीतरी विजेची स्कूटर घेऊन आला आणि सरांनाच चार शब्द सुनावून गेला. सर घरी येऊन चहाचा कप आदळून म्हणाले, "यंत्राने आवाज करू नये हा काय हट्ट आहे? इंजिन होतं तेव्हा बिचारं शंभर पावलांवरून सांगायचं, मी येतोय. आता मोटर फिरते आणि चकार शब्द नाही. हळू असली की टायरचाही आवाज होत नाही. चोर बरा, तो निदान रात्री येतो."

"पूर्वी सगळं पुणं सायकलवर होतं," कुसुमताई भाजी निवडता निवडता म्हणाल्या. "सायकल कुठे आवाज करायची?"

"सायकलला घंटा असते," सर म्हणाले, आणि विषय संपला. लवाट्यांच्या घरात विषय सरच संपवायचे.

दुसऱ्या दिवशी इमारतीच्या पार्किंगमध्ये पाटी लागली. 'विजेच्या वाहनांच्या मालकांनी आपण येत आहोत हे स्वतःच्या तोंडाने सांगावे. वाहनाला ते जमत नाही.' तिच्या शेजारी सरांचीच एक जुनी पाटी होती. 'विनाकारण हॉर्न वाजवू नये. येथे माणसे राहतात.' दोन्ही पाट्या एकाच खिळ्याच्या आधाराने गुण्यागोविंदाने नांदत होत्या.

दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणारी उत्कर्षा मूळची यवतमाळची, नोकरीला खराडीच्या एका कंपनीत. तिची स्कूटर विजेची. एका सकाळी ती गल्लीच्या डाव्या टोकाकडून येत होती आणि सर फाटकातून बाहेर पडत होते. सरांनी समोर पाहिलं, रस्ता रिकामा होता, त्यांनी गाडी काढली. पुढच्या क्षणी उत्कर्षा तिच्या स्कूटरसकट रस्त्यावर आडवी होती. कोपर खरचटलं, ड्रेस फाटला, आरसा तुटला. नशीब एवढ्यावर निभावलं.

तिला उठवायच्या आधी सरांनी विचारलं, "हॉर्न वाजवता येत नाही?"

"कसा वाजवू जी?" ती कोपर धरून म्हणाली. "तुम्हीच तर पाटी लावून ठेवली ना, हॉर्न वाजवू नये म्हणून. अन् मी तर समोरच होती, सर. तुम्ही माझ्याकडे पाहून राहिले होते, अन् तरी गाडी पुढे घेतली!"

"मी समोर पाहत होतो. तिथे तू नव्हतीस."

"होती ना जी!"

सरांनी मान झटकली. खेड्यापाड्यातून यायचं, गाडी घ्यायची आणि वर वाद घालायचा! यवतमाळ हे खेडं नाही हे त्यांना भूगोलाच्या सहकाऱ्याने पूर्वी सांगितलं होतं, पण रागात तपशील कोण बघतो? कुसुमताईंनीच मग खाली उतरून तिचं कोपर धुतलं आणि हळद लावली.

बातमी वाघोलीला पोचायला वेळ लागला नाही. अपूर्वा, त्यांची एकुलती एक मुलगी, संध्याकाळी येऊन थडकली. पर्स खांद्यावरून काढायच्या आधीच म्हणाली, "बाबा, आता गाडी बंद."

"कारण?"

"कारण आज तिचं कोपर आहे. उद्या कुणाचं डोकं असेल. किंवा तुमचं."

"निष्कर्ष आधी आणि पुरावा नंतर, हे कुठे शिकलीस? माझ्या वर्गात तर नक्कीच नाही. दोष माझा नाही, त्या मुक्या यंत्राचा आहे. मी सिद्ध करून दाखवतो. सगळ्यांसमोर."

"आणि नाही झालं तर?"

"तर किल्ली तुझ्या हातात देईन," सर म्हणाले. मरेपर्यंत ही वेळ येणार नाही याची खात्री असलेल्या माणसाच्या आवाजात म्हणाले.

स्कूटर गेली तर काय जाईल हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मंडई, वाचनालय, वाघोली, हे सगळं रिक्षाने करता येतं. पण मनात आलं की उठून बाहेर पडायचं, कुणाला 'सोडतोस का रे?' म्हणून विचारायचं नाही, हे रिक्षाने होत नाही. आयुष्यभर ज्यांची टर उडवली त्यांच्याच मागच्या सीटवर बसायचं? पण तसं ते बोलणार होते थोडेच!

रविवारी सकाळी प्रयोग ठरला. पेठेतल्या ज्येष्ठ नागरिक संघाला आमंत्रण गेलं. संघाचे अध्यक्ष शरच्चंद्र बँकेतून निवृत्त झालेले. विज्ञानाशी त्यांचा संबंध इतकाच, की कुठल्याही व्याख्यानाला पहिल्या रांगेत बसून ते दहाव्या मिनिटाला झोपायचे. पण त्यांच्याकडे चालू स्थितीतली एक पेट्रोलची स्कूटर होती, आणि प्रयोगाला ती हवी होती. विजेची स्कूटर घेऊन उत्कर्षा आली. कोपराला पट्टी होती, पण कुसुमताईंनी सांगितलं म्हणून आली. अपूर्वा फाटकाशी हाताची घडी घालून उभी राहिली. गल्लीत खुर्च्या मांडल्या गेल्या. साबुदाणा वड्यांचा वास येत असल्यामुळे उपस्थिती उत्तम होती.

सरांनी गल्लीत दोन्ही बाजूंना खडूने रेघा आखल्या. स्वतः आपल्या स्कूटरवर, फाटकाच्या तोंडाशी, समोरच्या भिंतीवरच्या एका जाहिरातीकडे नजर लावून बसले. गाडीची चाहूल लागली की हात वर करायचा. गाडी तेव्हा कुठल्या रेघेवर होती हे अपूर्वाने बघायचं. सगळं कसं चोख!

"मंडळी," ते म्हणाले, "आपले कान दोन आहेत, ते केवळ चष्मा अडकवायला नाहीत." आणि मग त्यांनी आवाजाचं सगळं शास्त्र सांगितलं. शरच्चंद्रांनी दोनदा जांभई दिली.

आधी शरच्चंद्र पेट्रोलच्या स्कूटरवरून डावीकडून आले. फटफट आवाज गल्लीत शिरतो न शिरतो तोच सरांचा हात वर गेला. पहिल्याच रेघेवर. मग उत्कर्षा डावीकडून आली. एक रेघ गेली, दुसरी गेली, सगळ्या गेल्या. सर जाहिरातीकडे बघत बसले होते. तिचं पुढचं चाक त्यांच्या चाकापुढे येऊन थांबलं तेव्हा ते दचकले.

"आली ना जी मी," उत्कर्षा म्हणाली.

टाळ्यांचा कडकडाट झाला. "सिद्ध झालं!" शरच्चंद्र म्हणाले. "लवाटे, मानलं तुम्हाला. वडे गार होतायत."

अपूर्वाचा चेहरा पडला. इथे सर थांबले असते तर स्कूटर वाचली होती. पण ते कसले थांबतायत! पोरांच्या प्रयोगवह्यांवर लाल रेघा ओढून ओढून ज्याची बोटं झिजली, तो माणूस स्वतःचा प्रयोग अर्धवट सोडणार होता होय? "बसा खाली," ते शरच्चंद्रांवर खेकसले. "एका बाजूने केलेला प्रयोग म्हणजे निवडणुकीतलं भाषण. आता उजवीकडून."

उत्कर्षा उजवीकडून आली. पहिल्या रेघेलाच सरांचा हात वर गेला.

ते जरा गोंधळले. तीच गाडी, तीच मुलगी, तोच वेग. मुकं वाहन उजवीकडून आलं म्हणून काय बोलायला लागतं? "काहीतरी ऐकू आलं असेल मला," ते म्हणाले. "कुसुम, कापूस आण."

कुसुमताईंनी कापूस आणला. सरांनी दोन्ही कानांत बोळे कोंबले. उत्कर्षा पुन्हा उजवीकडून आली. हात पुन्हा पहिल्याच रेघेवर वर. आता त्यांनी शरच्चंद्रांना खुणेनं सांगितलं, तुमची पेट्रोलची गाडी काढा, डावीकडून या. शरच्चंद्र कुरकुरत निघाले. त्यांची स्कूटर गल्ली हादरवत, धूर सोडत, डावीकडून आली. लोकांनी नाकाला रुमाल लावले. सर जाहिरातीकडे बघत होते. हात मांडीवर होता. स्कूटर सगळ्या रेघा ओलांडून त्यांच्या नाकासमोरून गेली, तेव्हा तो हात हलला आणि अर्ध्यावरच थांबला.

सरांनी कानातला कापूस काढला.

"वा!" शरच्चंद्र गाडी लावत म्हणाले. "म्हणजे यातून असं दिसतं, की सगळ्या वाहनांनी उजवीकडूनच यायला पाहिजे. ठराव करू आपण. संघातर्फे." माना डोलल्या. कुणीतरी त्याला अनुमोदनही दिलं. वड्यांच्या ताटल्या फिरू लागल्या. एवढी सगळी शिकलेली, पेन्शन खाणारी माणसं, आणि एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नव्हता.

सरांनी सगळ्यांकडे पाहिलं. आयुष्यभर ज्या मंदपणाला ते हसत आले, तो आज त्यांच्या मदतीला धावून आला होता. गप्प बसलं की काम झालं. ठराव होईल, अपूर्वा तणतणत वाघोलीला जाईल, आणि उद्या सकाळी स्कूटर त्यांची. त्यांनी उत्कर्षाच्या कोपरावरची पट्टी पाहिली. 'तुम्ही माझ्याकडे पाहून राहिले होते.' पोरगी खरं बोलत होती. ते तिच्याकडे बघत होते आणि ती त्यांना दिसली नव्हती.

"शरच्चंद्र," सर म्हणाले, "तुम्ही इतकी वर्षं बँक कशी चालवलीत हो? बुडाली कशी नाही?"

"म्हणजे?"

"कान उघडे होते तेव्हा तुमचं धूड मला डावीकडून कळलं. कापूस घातला, नाही कळलं. उजवीकडून मात्र कापूस घालूनही कळलं. म्हणजे उजवीकडे मी बघत होतो आणि डावीकडे फक्त ऐकत होतो." त्यांचा आवाज वर्गात लागायचा तसाच खणखणीत लागला होता, फक्त शेवटी जरा चिरकला. "वाहनात काही दोष नाही. मला डावीकडचं दिसत नाही. निष्कर्ष लिहून घ्या आणि मग खा वडे."

सर स्कूटरवरून उतरले, किल्ली काढली आणि अपूर्वासमोर धरली. तिने हात मागे घेतला. "बाबा, राहू दे आत्ता. आधी डॉक्टरकडे तर..."

"हातात घे. ठरलं होतं ते ठरलं होतं. शब्द फिरवायला मी काय राजकारणात आहे?" तिने किल्ली घेतली. तिचे डोळे भरून आले होते. मग सर उत्कर्षाकडे वळले. माफी मागायची त्यांना सवय नव्हती. ते म्हणाले, "तू समोर होतीस. आरसा मी बसवून देतो."

"राहू द्या जी सर. मी नेऊन देते ना तुम्हाला दवाखान्यात, माझ्या गाडीवर."

"तसल्या मुक्या गाडीवर मी बसत नाही," सर म्हणाले. आजारी पडला म्हणून माणूस इतका पण खचत नाही.

लोक पांगले. पार्किंगमध्ये दोघंच राहिल्यावर त्यांनी कुसुमताईंना विचारलं, "तुला माहीत होतं?"

"काय?"

"मला डावीकडचं दिसत नाही हे. खांदा दाबायचीस ना दर वेळी."

कुसुमताई कापसाचे बोळे हातात चुरगाळत उभ्या होत्या. "मला कसं माहीत असणार?" त्या म्हणाल्या. "तुम्हीच तर दर वेळी म्हणायचात, दिसतंय मला."

या वेळी विषय कुसुमताईंनी संपवला होता.

दोन दिवसांनी ते कुसुमताईंबरोबर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. जवळच, पेठेतच, चालत. एका यंत्रात हनुवटी ठेवून बसवलं, आत प्रकाशाचे ठिपके दाखवले आणि दिसला की बटण दाबायला सांगितलं. सर म्हणाले, "माझा प्रयोग यापेक्षा बरा होता." डॉक्टर तरुण होते, हसले. मग त्यांनी काचबिंदू असल्याचं सांगितलं. तो दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेने नजर खात येतो आणि मेंदू रिकामी जागा भरून काढतो, म्हणून माणसाला कळतही नाही. गेलेली नजर परत येणार नाही. उरलेली टिकवायची तर थेंब रोज घालायचे, एक दिवसही न चुकवता. आणि गाडी? डॉक्टरांनी नुसती नकारार्थी मान हलवली.

परत येताना सर जिन्याच्या पायऱ्यांपासून ते औषधाच्या बाटलीच्या झाकणापर्यंत सगळ्यांना नावं ठेवत होते. कुसुमताई त्यांच्या डाव्या बाजूने चालत होत्या. गुडघा अजून पुरता वाकत नव्हता, म्हणून जरा हळू. उजवा हात त्यांनी सरांच्या खांद्यावर ठेवला होता, आधाराला. कुणाच्या, ते दोघांनीही ठरवलं नव्हतं.

गल्लीच्या वळणावर तो हात दाबला गेला.

सरांनी सवयीनं तोंड उघडलं. "दिस..." म्हणाले आणि जागच्या जागी उभे राहिले. अंगाला वारा लावून काहीतरी पुढून निघून गेलं.

"काय होतं?" त्यांनी विचारलं.

"सायकल," कुसुमताई म्हणाल्या.

"घंटा नाही वाजवली त्यानं."

"नाही वाजवली."

सरांनी खांद्यावरच्या हातावर आपला हात ठेवला.

"मला दिसली नाही," ते म्हणाले.